शेवटचा रकाना

पंचवटीत थंडी गोदेच्या पात्रातून वर चढते. डिसेंबर लागला की पहाटे रामकुंडावर स्नानाला उतरलेल्या यात्रेकरूंच्या तोंडातून वाफा निघायला लागतात, तपोवनाकडचं धुकं लवकर हलत नाही, आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात. अशा दिवसांत रविवारी सकाळी, सगळी आळी गोधडीत असताना, दहा-बारा पोरं कानटोप्या घालून, बुटांची रिकामी खोकी छातीशी धरून घराबाहेर पडायची. खोक्यांत कामटीची आणि पतंगाच्या कागदाची विमानं असायची.

या पोरांचं एक मंडळ होतं. पाटी नाही, नोंदणी नाही, वर्गणी महिन्याला वीस रुपये. चालवायचे काका. काकांनी ओझरच्या एचएएलमध्ये उभी नोकरी पत्राकामात काढली होती. मिग विमानं बांधण्यासाठी १९६४ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना. पुढे सुखोईही तिथेच बांधली गेली. निवृत्त झाल्यावर काकांचे हात रिकामे राहिनात. ओसरीवर एक जुनं टेबल टाकून त्यांनी गल्लीतल्या मुलांना कामटी तासायला शिकवायला सुरुवात केली, आणि दोन हिवाळ्यांत त्याचं मंडळ झालं.

मुलांना अर्थातच रिमोटवरचं विमान हवं असायचं. काका ठाम नाही म्हणायचे. एक तर रिमोटवर उडणाऱ्या मॉडेललाही २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, आणि नाशिकच्या डोक्यावरचं आकाश काही मोकळं नाही. एका अंगाला ओझरची धावपट्टी, दुसऱ्या अंगाला गांधीनगरच्या लष्करी तळावरची हेलिकॉप्टरं, पलीकडे देवळालीचा तोफखाना. पण काकांच्या लेखी दुसरं कारण जास्त मोठं होतं. हातात रिमोट असला की पडतं विमान सावरता येतं, मग ते मुळात नीट बांधलंय का हे कधी कळतच नाही. म्हणून मंडळाचा खेळ एवढाच: रबराला पीळ द्यायचा, हात उघडायचा, आणि पुढे काय होतं ते बघायचं.

हा खेळ जुना आहे. पॅरिसच्या एका बागेत १८७१ मध्ये आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान अकरा सेकंद उडवून दाखवलं होतं. त्याच्याच धर्तीवरचं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं आणि पोरांच्या हातात दिलं. पुढे त्या पोरांनी काय केलं ते जगाला ठाऊक आहे. नव्या पोराला काका पहिल्या दिवशी हे सांगायचे, आणि मग त्याच्या हातात कामटी न देता एक वही द्यायचे. “आधी ही वाच. मग तासायला बस.”

ती दुकानदारांकडे असते तसली लांबोडकी खतावणी होती. मंडळातलं प्रत्येक उड्डाण तिच्यात लिहिलेलं. तारीख, वेळ, जागा, विमानाचं वजन, रबराचे पीळ, हवेत राहिलेले सेकंद. शेवटच्या रकान्यावर काकांच्या हाताने लिहिलं होतं, ‘कोणामुळे?’ तिथे तीनच उत्तरं चालायची: आपल्यामुळे, वाऱ्यामुळे, माहीत नाही. ज्याचं विमान त्यानेच हा रकाना भरायचा. दुसऱ्या कुणी, अगदी काकांनीसुद्धा, त्यात बोट घालायचं नाही. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. काही सांगायचं असेल तर नवी ओळ घालायची. कारखान्यात ज्याने काम केलं त्याची सही कामाच्या कागदावर असते, तीच सवय काका घेऊन आले होते.

मंडळात एक भाऊ-बहीण होते. त्यांच्या वडिलांचं गंगाघाटावर पूजासाहित्याचं दुकान. उदबत्ती, कापूर, वाती, कुंकू. थोरला सातवीत, धाकटी पाचवीत. थोरल्याचा हात झरझर चालायचा. संध्याकाळी विमान सुरू केलं की झोपायच्या आत उभं. कुठे कामटी लवली तर शेजारी दुसरी बांधायची, कुठे सांधा हलला तर वर आणखी फेविकॉल, कागद फाटला तर त्यावर कागद. धाकटी एका पंखाला आठवडा लावायची. पेराच्या दोन बाजूंची कामटी सारखी लवत नाही हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. कामटी दोन बोटांत धरून वाकवायची, जाड बाजू ओळखायची, काचेच्या तुकड्याने एक साल काढायची, पुन्हा वाकवायची. आई म्हणायची, “अगं, विमान करतेस की दागिना?”

एक रविवार हॉलमध्ये, एक रविवार तपोवनात, असा मंडळाचा हिवाळा चालायचा. हिरावाडीच्या बाजूला बॅडमिंटनचा एक हॉल होता. खेळाडू यायच्या आधीचे दोन तास काकांनी ओळखीने मिळवले होते. आत शिरल्यावर पहिलं काम पंखे बंद, दारं बंद, वरच्या झडपा बंद. मग सगळ्यांनी कडेला बसायचं. कोर्टावरून धावायचंसुद्धा नाही, कारण माणूस जवळून पळत गेला तरी कागदी विमान डगमगतं. बंदिस्त जागेत उडवण्याचा हा प्रकार जगात फार वरच्या थराला गेलेला आहे. त्याच्या जागतिक स्पर्धेतल्या विमानाचं वजन रबर सोडून १.४ ग्रॅमपेक्षा कमी असू नये असा नियम आहे, म्हणजे लोक त्याच्याही खाली जाऊ पाहतात. आणि तेवढंसं विमान अर्ध्या ग्रॅमहून कमी रबरावर अर्धा तास हवेत राहतं. रोमानियातल्या स्लॅनिक गावी मिठाच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, या स्पर्धा झाल्या आहेत. का, तर तिथे हवा हलत नाही.

आमच्या पोरांकडे ना मिठाची खाण होती ना बाल्सा लाकूड. पण वजन करायला अस्सल काटा होता. एका मुलाचे वडील सराफ बाजारात कारागीर. त्यांनी जुना काटा मंडळाला दिला. त्यामुळे विमानांची वजनं ग्रॅमात न होता माशांत व्हायची. बारा मासे म्हणजे तोळा. एक मासा ग्रॅमहून किंचित कमी. थोरल्याचं विमान भरलं नऊ मासे. धाकटीचं पावणेसहा.

धाकटीचं उड्डाण बघण्यासारखं असायचं. भाऊ विमानाचं नाक घट्ट धरायचा. ती रबराचं दुसरं टोक हातड्रिलच्या आकड्यात अडकवून मागे मागे जायची, रबर चौपट ताणलं जाईपर्यंत. रबराला एरंडेल चोळलेलं, म्हणजे ते एकमेकांवर घासून तुटत नाही. थंडीत रबर आखडतं, म्हणून हॉलला येईपर्यंत तिने ते स्वेटरच्या आत, अंगाशी धरलेलं असायचं. मग ड्रिल फिरवत, पीळ मोजत, पावला-पावलाने पुढे. आधी रबरावर गाठींची एक ओळ उमटते. पीळ वाढला की त्या गाठींवर दुसरी ओळ चढते. दुसरी ओळ टोकापर्यंत पोचली की थांबायचं. त्यापुढे रबर तुटतं आणि पंखाच्या चिंध्या करतं. पंखा श्रीखंडाच्या डब्याच्या गोल भिंतीतून कापलेला, त्याच्या मागे काचेचा एक मणी, घर्षण कमी व्हावं म्हणून. ती विमान फेकायची नाही. नुसता हात उघडायची.

विमान डावीकडे वळत वळत चढायचं. दिव्यांच्या उंचीपर्यंत जायचं, लोखंडी कैच्यांच्या खालून एक फेरी मारायचं, पंखा मंदावला की तितक्याच ऐटीत फेऱ्या घेत खाली यायचं आणि कोर्टाच्या पांढऱ्या रेघेवर टेकायचं. सत्तेचाळीस सेकंद. ती वहीत लिहायची, ‘आपल्यामुळे.’

थोरल्याचं विमान गुडघ्याच्या उंचीवर फेऱ्या मारून एकवीस सेकंदांत खाली आलं. त्याने लिहिलं, ‘माहीत नाही.’

“काका, हॉलमध्ये कुठूनतरी वारा येतो,” तो म्हणाला.

काकांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि कोर्टाच्या मधोमध धरली. धुराची रेघ सरळ वर गेली. काका काही बोलले नाहीत. थोरलाही नाही.

पुढचा रविवार तपोवनाचा. साडेसातला मैदानावर धुकं होतं. मुलांनी काटक्या पेटवल्या. शेकोटीचा धूर पुरुषभर वर जाऊन तिथेच आडवा पसरत होता. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणीसारखी बसते. ते झाकण असेपर्यंत बाहेरची हवासुद्धा हॉलइतकी शांत. म्हणूनच काका एवढ्या पहाटे सगळ्यांना उठवायचे. त्या तासाभरात धाकटीचं विमान पन्नास सेकंद गेलं, थोरल्याचं चोवीस.

पण उन्हं चढली की सगळा खेळ बदलतो. नांगरलेली काळी जमीन, वाळकं गवत, डांबरी रस्ता, प्रत्येक तुकडा वेगवेगळा तापतो. जिथे जास्त तापतो तिथून ऊन हवा सुटून वर निघते. आपल्याला ती दिसत नाही, घारींना कळते. पावणेदहाच्या सुमाराला कपिला संगमाच्या बाजूला दोन घारी पंख न हलवता गोल फिरत वर जायला लागल्या. नेमक्या त्याच वेळी थोरल्याने हात उघडला.

बाहेर उडवायच्या विमानाला मंडळात एक सोय सक्तीची होती. शेपटी एका दोऱ्याने आवळून ठेवलेली, आणि दोऱ्यात उदबत्तीचा पेटता तुकडा खोचलेला. निखारा दोऱ्यापर्यंत पोचला की दोरा तुटतो, रबराच्या ओढीने शेपटी वर उचलली जाते, आणि विमान उडायचं सोडून सपाट खाली उतरायला लागतं. निखाऱ्याच्या वाटेत पत्र्याची नळी असते, म्हणजे तो तिथेच विझतो आणि वाळल्या गवताला धोका राहत नाही. परदेशात यासाठी सुती वात वापरत. पंचवटीत उदबत्तीला काय तोटा! दुकानातली पातळ उदबत्ती पेरभर जळायला चार मिनिटांच्या आसपास लागतात हे धाकटीने घड्याळ लावून बघितलं होतं. कुणालाच चार मिनिटांची गरज कधी पडली नव्हती. मंडळाचा उच्चांक होता ऐंशी सेकंद.

थोरल्याचं विमान वीस सेकंद नेहमीसारखंच अडखळत फिरलं. मग कुणीतरी खालून तळहात लावावा तसं उचललं गेलं. रबराचा पीळ संपला, पंखा थांबला, तरी विमान चढतच राहिलं. लिंबाच्या शेंड्यावर. मग त्याच्या दुप्पट. पोरं ओरडत त्याच्या मागे पळत सुटली. घारींतली एक त्याच्याजवळून वळून गेली. साडेतीन मिनिटांनी शेपटी टपकन उचलली गेली आणि ते डुलत डुलत पलीकडच्या शेतात उतरलं. चार मिनिटं आठ सेकंद. मुलांनी थोरल्याला खांद्यावर घेतलं. शेताच्या मालकानेसुद्धा विमान हातात घेऊन वर धरलं.

वहीत त्याने ठळक अक्षरांत लिहिलं. २४८ सेकंद. आणि शेवटच्या रकान्यात, ‘आपल्यामुळे.’

धाकटी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “दादा, घारी होत्या ना तिथे.”

“घारी रोजच असतात. तुझं विमान नाही गेलं ते?”

खरं तर त्याच सकाळी, नंतर, तिचंही विमान गेलं होतं. दोन मिनिटांच्या वर. तिने लिहिलं, ‘वाऱ्यामुळे.’ थोरल्याने कपाळाला हात लावला. “वेडी आहेस का? इतकं मोठं उड्डाण वाऱ्याच्या नावावर घातलंस!”

“मग माझं विमान चांगलंय की नाही हे मला कळणार कसं?”

त्याला यावर उत्तर सुचलं नाही. पण खांद्यावर बसून आलेल्या मुलाला त्या दिवशी उत्तराची गरजही नव्हती.

काका गप्प राहिले. त्यांचा नियमच होता तसा. मला मात्र वाटतं, त्यांनी त्या दिवशी थोरल्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगायला हवे होते. मोठ्यांच्या गप्प राहण्याची किंमत बऱ्याचदा तिसराच कुणीतरी मोजतो, आणि तो सगळ्यांत लहान असतो.

त्याऐवजी काकांनी तपोवनातल्या पुढच्या रविवारी शेकोटीभोवती गोष्ट सांगितली. १९०३ चा डिसेंबर. किटी हॉकची वाळू, डबक्यांवर बर्फ. १४ तारखेला राइट बंधूंनी टेकडीच्या उतारावर रूळ टाकून यंत्र सोडलं. ते हवेत गेलं, साडेतीन सेकंदांनी आपटलं. १७ तारखेला पुन्हा प्रयत्न. या वेळी रूळ सपाट जमिनीवर, तोंड बोचऱ्या वाऱ्याकडे. पहिलं उड्डाण बारा सेकंद, १२० फूट. चौथं एकोणसाठ सेकंद, ८५२ फूट. त्या संध्याकाळी वडिलांना जी तार गेली तिच्यात त्यांनी वाऱ्याचा वेग कळवला, सपाट जमिनीवरून निघालो हे कळवलं, आणि नुसत्या इंजिनाच्या जोरावर गेलो हेही कळवलं. तारेला शब्दागणिक पैसे पडत असताना.

“बारा सेकंद!” थोरला हसला. “माझं चार मिनिटं गेलं.”

धाकटीने विचारलं, “मग काका, १४ तारखेचं त्यांनी पहिलं उड्डाण म्हणून का नाही धरलं?”

“उतार होता ना,” काका म्हणाले. “त्यातलं टेकडीचं किती आणि इंजिनाचं किती, हे कसं ठरवणार?” आणि त्यांनी शेकोटीत काटकी सारली.

तोवर मंडळात एक नवा शब्द रूढ झाला होता: चारमिनिटी. वहीत २४८ चा आकडा, पुढे ‘आपल्यामुळे’, म्हणजे विमान असंच बांधायचं, हे पोरांनी धरलं. त्यांचं काय चुकलं? वाचायला वहीच तर दिली होती. दुहेरी कामटी, सांध्यांवर फेविकॉलचे गोळे, नऊ मासे वजन. थोरल्याच्या विमानाची शेपटी एका बाजूला कलली होती. ती चूक होती, पण पोरांनी तीसुद्धा मोजमाप घेऊन कलती केली. पेठ रोडकडून येणारा तिसरीतला एक चिमुरडा होता. त्याने साठवलेले पैसे मोडून कागद, रबर, तार, मणी आणले. पंधरा दिवस खपून चारमिनिटी बांधली. धाकटीच्या सत्तेचाळीस सेकंदांच्या विमानाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात मंडळ बाहेर उडवत नसे. त्या दिवसांत नाशिकचं आकाश पतंगांचं असतं; तिकडे येवल्यात तर भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, हातात मांजाची आसारी घेऊन. नायलॉनच्या मांजावर बंदी असूनही झाडाझाडांवर त्याचे तुकडे लटकतात. विमान त्यात अडकलं तर पोरं ते काढायला चढणार, आणि तो धोका काका घेत नसत. म्हणून तो रविवार हॉलचा.

पंखे बंद झाले, दारं बंद झाली. एका मागोमाग एक सात चारमिनिटी उडाल्या. अठरा सेकंद. वीस. पंधरा. चिमुरड्याची शेवटी. त्याने डोळे मिटून हात उघडला. विमान एक अर्धी फेरी घेऊन कोर्टाच्या जाळीत गेलं. नऊ सेकंद.

तो रडला नाही. विमान जाळीतून हलक्या हाताने सोडवलं, कागद फाटलेला नाही ना ते बघितलं, आणि थोरल्यासमोर येऊन उभा राहिला. विमान पुढे करून म्हणाला, “दादा, मी तुझ्यासारखंच केलंय. शेपटीपण तशीच वाकवली. तुझं कसं गेलं मग? माझं काय राहिलं सांग ना.”

त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती. आपल्या हातून काहीतरी राहून गेलंय आणि दादाला ते माहीत आहे, एवढाच त्याचा भरवसा होता. थोरल्याने विमान हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. राहिलेलं काहीच नव्हतं. हुबेहूब त्याचंच विमान होतं ते. आणि त्याचं स्वतःचं विमान हॉलच्या मागच्या रविवारी पुन्हा एकवीस सेकंदांतच खाली आलं होतं. ती ओळ त्याने वहीत लिहिलीच नव्हती.

“थांब जरा,” तो म्हणाला.

काकांच्या पिशवीतून त्याने वही काढली आणि जमिनीवर बसला. बराच वेळ नुसतंच पेन धरून होता. मग नवी ओळ घातली. तारीख त्या डिसेंबरच्या रविवारची. जागा तपोवन. नऊ मासे. २४८ सेकंद. ‘वाऱ्यामुळे.’ आणि खालच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात: ‘हे विमान हॉलमध्ये २१ सेकंद उडतं. याच्यासारखं बांधू नये.’

मुलं भोवती जमली होती. एक-दोघे हसले. एक म्हणाला, “म्हणजे चार मिनिटं खोटी?” थोरल्याचे कान लाल झाले; पण त्याने वही मिटली नाही.

काकांनी चष्मा लावून ओळ वाचली. “वेळ लिहायची राहिली,” ते म्हणाले. “पावणेदहा. ती लिही. घारी कुठे होत्या तेही लिही. वाऱ्याचं काम वाऱ्याच्या नावावर आलं, म्हणजे आता वाऱ्याबद्दल काहीतरी समजेल आपल्याला.”

आणि खरोखरच तसं झालं. धाकटीने वहीतली ‘वाऱ्यामुळे’ची सगळी उड्डाणं एका कागदावर उतरवली, तेव्हा दिसलं की ती जवळजवळ सगळी साडेनऊ ते साडेदहाच्या मधली आहेत, आणि निम्म्याहून जास्त संगमाच्या बाजूच्या नांगरटीवरची. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फेब्रुवारीत मंडळाने पहाटे विमानं तपासायची आणि साडेनऊनंतर तिथे जाऊन घारींची वाट बघायची, असा क्रम धरला. पण हे पुढचं.

त्या दिवशी हॉल सुटायला अजून अर्धा तास होता. थोरल्याने चिमुरड्याला काट्याशी बसवलं. धाकटीही आली. तिघांनी मिळून चारमिनिटी सोडवायला घेतली. आधी दुहेरी कामटीतली एक काढली. फेविकॉलचे गोळे धाकटीने ब्लेडने टिपले. शेपटी सरळ केली. पंखाची पुढची कामटी चिमुरड्याने स्वतः काचेने तासली. थोरल्याने फक्त बोटाने दाखवलं, इथे जाड आहे, इथे नको, इथे आणखी. काट्यावर विमान पावणेसात मासे भरलं. नाक हलकं झालं म्हणून त्यावर शाडूचा मुगाएवढा गोळा लावला. रबराला धाकटीने तिच्याजवळचं एरंडेल चोळलं. थोरल्याने नाक धरलं, चिमुरड्याने ड्रिल फिरवलं. दुसऱ्या गाठींची ओळ अर्ध्यावर आली तेव्हा तो घाबरून थांबला.

“चालेल,” थोरला म्हणाला. “सोड. फेकू नकोस.”

विमान चढलं. फार नाही, जाळीच्या वर दोन हात. पण फेरी गोल होती, आणि उतरताना ते एकदाही डगमगलं नाही. तेहतीस सेकंद.

चिमुरडा वही उघडून बसला. सहा रकाने भरले. सातव्याशी पेन थांबलं. त्याने मान वर केली. “दादा, इथे काय लिहू? तू पण केलंस ना यातलं. ताईने पण.”

“कामटी कोणी तासली?”

“मी.”

“पीळ कोणी दिला?”

“मी. नाक तू धरलंस.”

“नाक कुणीतरी धरतंच. पंखे बंद होते?”

चिमुरड्याने छताकडे बघून खात्री करून घेतली. “बंद होते.”

“मग लिही की. आणि आटप लवकर, बॅडमिंटनवाले येतील. मागच्या कामटीतून अजून पाव मासा तरी निघेल.”